घरच्या गणपतीत दिव्यांग मुलाचा वाटा: तयारीपासून विसर्जनापर्यंत

बऱ्याच घरांत दिव्यांग मुलाला गणपतीत दोनच जागा मिळतात. आरतीच्या वेळी आतल्या खोलीत मोबाइल घेऊन, नाहीतर फोटोपुरतं आजीच्या मांडीवर. दोन्हीमागे मायाच असते. त्याला त्रास नको, पाहुण्यांसमोर रडारड नको, एवढाच हेतू. पण अशी पाच-सहा वर्षं गेली की मुलाच्या लेखी गणपती म्हणजे घरात गोंगाटाचे दिवस, आणि पूजा बाकीच्यांनी करायची हे घरच्यांच्याही अंगवळणी पडतं. हे बदलायला फारसा खर्च येत नाही. हाताशी तीन आठवडे हवेत आणि एक निर्णय पक्का हवा: यंदा पूजेतलं एक काम या मुलाचं, आणि ते त्याच्या हातून झाल्याशिवाय पूजा पुढे सरकणार नाही.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि एकाच प्रकारातली दोन मुलंही सारखी नसतात. म्हणून आखणी निदानाच्या नावावरून करू नका. पाच प्रश्नांवरून करा: हात कितपत चालतो, दिसतं किती, ऐकू किती येतं, गिळताना अडचण आहे का, आणि आवाज-गर्दी किती वेळ सोसते. उत्तरं कागदावर लिहून ठेवा, पुढे प्रत्येक टप्प्यावर लागतील.

काम कसं निवडायचं

काम छोटं असावं, अर्ध्या ते दोन मिनिटांचं. कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं हे मुलाला कळावं. रोज सकाळ-संध्याकाळ होणारं असावं, म्हणजे पहिल्या दिवशी फसलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा संधी मिळते. दीड दिवसाचा गणपती असेल तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण चुकायला वावच नसतो. आणि काम खरं असावं. मुलाच्या हातात घंटा देऊन शेजारी काका दुसरी घंटा वाजवत असतील, तर आपली घंटा कशासाठी आहे हे मुलाला बरोबर कळतं. घरात त्या वेळी घंटा एकच, आणि ती त्याच्याकडे.

हात कमी चालणाऱ्या मुलासाठी घंटा हे उत्तम काम आहे, फक्त ती धरता आली पाहिजे. पितळी घंटेचा दांडा बारीक असतो. त्यावर सुती पट्टी किंवा सायकलच्या हँडलचं रबर चढवून जाड करा. मूठ वळतच नसेल तर घंटा खुर्चीच्या उंचीवर टांगून तिला जाड दोरी बांधा, कोपराने ओढली तरी वाजते. तेही जमत नसेल तर वेल्क्रोच्या पट्टीवर पाच-सहा घुंगरं शिवून ती मनगटाला बांधा.

ओवाळायचं काम द्यायचं तर ताम्हणाचा आग्रह सोडा. ताम्हण जड, त्याला मूठ नाही आणि तिरकं झालं की निरांजन घसरतं. एकारतीला दांडा असतो, तो एका हातात मावतो. दांडा सुती दोरीने गुंडाळा, म्हणजे पकड येते आणि चटकाही बसत नाही. हात थरथरत असेल किंवा मधेच झटका येत असेल, तर ज्योत लावू नका, बॅटरीवरची पणती दुहेरी चिकटपट्टीने हलक्या थाळीला चिकटवा. देवासमोरची खरी समई तर तेवत असतेच.

दूर्वा हे ज्यांना मांडणी आवडते अशा मुलांचं काम, विशेषतः स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांचं. पुठ्ठ्यावर सात-सात चौकोनांच्या तीन ओळी आखा, म्हणजे २१ चौकोन झाले. ढिगातून तीन पात्यांची दूर्वा शोधायची आणि एका चौकोनात एक ठेवायची. चौकोन भरले की जुडी तयार, मग मोठ्यांनी दोरा बांधायचा. मोजता येणं गरजेचं नाही, रिकामा चौकोन दिसला पाहिजे. ही जुडी त्या दिवशी प्रत्यक्ष मूर्तीला वाहायची. सरावासाठी करून घेतली आणि बाजूला ठेवली, असं करू नका.

पाणी आवडणाऱ्या मुलाला स्नानाचं काम द्या. मातीच्या मूर्तीवर पाणी ओतत नाहीत, फूल किंवा दूर्वा पाण्यात बुडवून शिंपडतात. पळीने नेमकी धार धरण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. दांड्यासकट मोठं फूल घ्या आणि वाटीत पाणी दोन बोटंच ठेवा, सांडलं तरी थोडकंच सांडतं.

पूजा सांगणाऱ्यांशी आधी बोला

गुरुजी दारात आल्यावर सांगितलं की घाई होते आणि मुलाचा वाटा वगळला जातो. आठवडाभर आधी फोन करा. मूल कोणतं काम करणार, त्याला किती वेळ लागेल आणि त्या वेळी थांबावं लागेल, एवढं स्पष्ट सांगा. प्राणप्रतिष्ठेसह षोडशोपचार पूजा सावकाश केली तर तासभर सहज जातो. तेवढा वेळ मुलाने बसलंच पाहिजे असं नाही. पूजेतला त्याच्या वाट्याचा उपचार, म्हणजे त्याची कृती, आली की त्याला बोलवायचं, झाला की मोकळं करायचं. रोजची पूजा पंचोपचारी करता येते: गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य. ती दहा मिनिटांत होते आणि त्यातलं पुष्प किंवा दीप मुलाकडे देता येतं.

पूजाविधीतच पर्यायाची सोय आहे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असतं, पण त्या वेळी आठवत नाही. देवाला आसन नसलं तर ‘आसनार्थे अक्षतान् समर्पयामि’ म्हणून अक्षता वाहतो, अलंकार नसले तर त्यांच्याऐवजीही अक्षताच. जो उपचार साध्य नाही तिथे अक्षता चालतात, तर मुलाला जी क्रिया साध्य नाही तिथेही चालतात. प्रदक्षिणेला आपण स्वतःभोवतीच फिरतो, मग व्हीलचेअर जागेवर एकदा फिरवली की प्रदक्षिणा झाली. साष्टांग घालता येत नसेल तर मान झुकवणं पुरे. ‘आतुरे नियमो नास्ति’ हे शास्त्रवचन बहुतेक गुरुजींना पाठ असतं, त्याची आठवण करून द्या.

दोन प्रश्न हमखास निघतात. एक, डावा हात. उजवी बाजू लुळी असेल तर मूल डाव्या हातानेच फूल वाहणार. ते आधीच मान्य करून घ्या, म्हणजे ऐन पूजेत कुणी हात बदलायला लावणार नाही. दुसरा, सोवळं. लाळ गळते, डायपर आहे, मग मूल सोवळ्यात कसं, असं विचारलं जातं. पूजेच्या अगदी आधी आंघोळ आणि डायपर बदलणं झालं की बहुतेक घरांत अडचण उरत नाही. जिथे सोवळं फारच कडक आहे तिथे घंटा, दूर्वांची जुडी, आरती ही कामं द्या. लाळेसाठी खांद्यावर उपरण्यासारखा पंचा टाका, गणपतीत तो शोभतोही. फूल तोंडात जाणार हे गृहीत धरून दुप्पट फुलं वेगळ्या थाळीत ठेवा. उष्टं झालेलं फूल मुकाट्याने बाजूला करा आणि दुसरं हातात द्या. रागावलात तर पुढच्या वेळी मूल हातच पुढे करणार नाही.

सराव: शेवटचा टप्पा आधी

सरावाला नवी मूर्ती लागत नाही. देव्हाऱ्यातला पितळी गणपती आहे आणि रोजची देवपूजा आहे. तीन आठवडे आधीपासून तिथेच सुरुवात करा.

फूल वाहणं म्हणजे चार टप्पे: फूल उचलणं, हात मूर्तीपर्यंत नेणं, सोडणं, हात जोडणं. शिकवताना सहसा उचलण्यापासून सुरुवात होते, आणि पुढचं जमलं नाही की मूल कंटाळतं. उलट करा. पहिले तीन टप्पे त्याचा हात धरून तुम्ही करा, हात जोडणं तेवढं त्याच्यावर सोपवा. ते चार-पाच दिवस नीट झालं की सोडणंही त्याच्याकडे द्या. मग नेणं, शेवटी उचलणं. अशाने रोजचा शेवट त्याच्या स्वतःच्या कृतीने होतो. तीन आठवड्यांत दोनच टप्पे आले तरी हरकत नाही, ते दोन त्याचे, बाकी तुमचे.

सेरेब्रल पाल्सीत (मेंदूला लहानपणीच इजा झाल्याने स्नायूंवर ताबा नसतो ती अवस्था) मूठ घट्ट मिटलेली असेल तर बोटं ओढून उघडू नका, ती आणखी आवळतात. मनगट हळूच तळव्याच्या बाजूला वाकवा, बोटं आपोआप सैल पडतात. त्या क्षणी फूल खाली सुटतं. म्हणजे ‘सोडणं’ हा टप्पा मनगटाने होतो, बोटांनी नव्हे.

ज्या मुलांना पुढे काय होणार हे न कळल्याने घाबरायला होतं, त्यांच्यासाठी फोटोंची पट्टी करा. मागच्या वर्षीचे तुमच्याच घरातले फोटो घ्या: रिकामा चौरंग, मूर्ती आली, फूल वाहिलं, आरती, प्रसाद आणि शेवटी त्याच्या आवडीची एखादी गोष्ट. सहा फोटो पुरेत. नेटवरून घेतलेलं गणपतीचं चित्र उपयोगी पडत नाही, कारण ते तुमच्या घरासारखं दिसत नाही. पट्टी रोज एकदा दाखवा आणि गणपतीच्या दिवशी झालेल्या फोटोवर कपड्याचा चिमटा लावत जा.

नवे कपडेही याच काळात आणा. झब्ब्याच्या गळ्याची जर टोचते आणि मूल पूजेत कपडे ओढू लागतं. दोनदा धुवा, मानेजवळचं लेबल कापा, आत मऊ सुती बनियन घाला आणि आधी दोन दिवस थोडा थोडा वेळ घालून पाहा. नाहीच सोसलं तर रोजचा टी-शर्ट चालतो.

मखर, चौरंग आणि दिवे

मूर्ती किती उंचीवर ठेवायची हे मूल कसं बसतं त्यावर ठरवा. रांगणाऱ्या किंवा जमिनीवर बसणाऱ्या मुलासाठी पाटावर, व्हीलचेअरवरच्या मुलासाठी टेबलावर. टेबलाखाली गुडघे जातील एवढी, साधारण ७० सेंटिमीटर, मोकळी जागा हवी, नाहीतर खुर्ची लांबच राहते आणि हात पोचत नाही. मूर्तीचा चेहरा मुलाच्या नजरेच्या रेषेत किंवा किंचित खाली असू द्या. स्नायू ताठर असलेल्या मुलाने वर बघायला मान मागे टाकली की अनेकदा सगळं अंग ताठ होतं आणि हात उपयोगाचा राहत नाही. म्हणूनच उंच मखर करण्यात मला मोठा तोटा दिसतो, दिसायला ते कितीही देखणं असलं तरी. बसवताना कंबर मागे टेकलेली आणि पाऊल खाली टेकलेलं हवं. पाय लोंबकळत असतील तर पायांखाली पाट द्या.

पूजेच्या वाट्यांखाली रबरी जाळीची चटई अंथरा, म्हणजे धक्क्याने त्या सरकत नाहीत. समई मुलाच्या कामाच्या हाताच्या विरुद्ध बाजूला आणि हात पूर्ण लांब केला तरी पोचणार नाही इतक्या अंतरावर ठेवा. माळांच्या वायरी भिंतीलगत चिकटवा.

लुकलुकणाऱ्या माळा स्थिर करा, नियंत्रकाच्या डबीवरचं बटण दाबून बहुतेक माळा एकसारख्या लावता येतात. फिट येणाऱ्या मुलांपैकी थोड्याच मुलांना प्रकाशाने फिट येते, पण ज्यांना येते त्यांना सेकंदाला ३ ते ३० वेळा होणारी उघडझाप जास्त घातक असते. स्वमग्न मूल अशा माळेकडे एकटक बघत बसतं आणि पूजेकडे त्याचं लक्षच जात नाही, हा वेगळा मुद्दा.

कापूर कुलपात ठेवा, किंवा निदान उंच कपाटात. पांढऱ्या वड्या खडीसाखरेसारख्या दिसतात, आणि लहान मुलाच्या पोटात थोडा कापूर गेला तरी फिट येऊ शकते. दिसेल ते तोंडात घालणाऱ्या मुलाच्या घरी हा धोका खरा आहे. पोटात गेलाच तर उलटी करवू नका, तडक दवाखान्यात न्या.

आरतीचा आवाज

गणपतीतलं सर्वात अवघड प्रकरण हेच. एकाच वेळी झांजा, टाळ्या, घंटा, पंधरा-वीस माणसांचा आवाज, धुपाचा धूर आणि अंगाला अंग लागणारी गर्दी. आवाज न सोसणाऱ्या मुलाला झांज सर्वात जास्त त्रास देते, कारण तो आवाज तीक्ष्ण आणि अचानक असतो.

सराव आवाजाचाच करायचा. आरतीचं ध्वनिमुद्रण रोज दोन-तीन मिनिटं अगदी बारीक आवाजात लावा आणि बंद करायचं बटण मुलाच्या हातात द्या. आपण थांबवू शकतो हे कळल्यावर सहनशक्ती वाढते. दर दोन-तीन दिवसांनी आवाज किंचित वाढवा. मूल कान झाकू लागलं तर पुन्हा आधीच्या आवाजावर या, दामटू नका.

प्रत्यक्ष दिवशी पहिली आरती झांजेविना, फक्त टाळ्यांवर करा. झांज वाजवणारा मुलापासून लांबच्या कोपऱ्यात उभा राहू द्या. कान पूर्ण झाकणारे इअर मफ आरती सुरू होण्याआधी चढवा, रडायला लागल्यावर चढवले तर मूल ते काढून फेकतं. पाच आरत्या म्हणायच्या असतील तर दोरीवर पाच चिमटे लावा आणि एक आरती झाली की एक काढा. शेवट कधी आहे हे दिसलं की मूल जास्त वेळ थांबतं. त्याची जागा दाराजवळ असावी, माणसांच्या मधोमध नको. बाहेर जायचं असेल तर दाखवायला एक ठरलेलं कार्ड किंवा खूण असावी आणि ती दाखवताच विनाप्रश्न बाहेर नेलं जावं. दोनदा थांबवून ठेवलंत तर तिसऱ्यांदा मूल आत यायलाच तयार होणार नाही. एक आरती करून बाहेर पडलेलं मूल पुढच्या वेळी दोनला थांबतं. घंटा त्याच्याकडे असेल तर पहिल्या आरतीपुरती त्याची, मग दुसऱ्या कुणाची.

सेरेब्रल पाल्सी असलेली अनेक मुलं अचानक आवाजाने दचकतात आणि अंग ताठ करतात. शंख फुंकण्याआधी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून ‘आता शंख’ एवढं सांगा. धूप-उदबत्ती खिडकीजवळ ठेवा. दम्याची प्रवृत्ती असेल तर त्या खोलीत लावूच नका, दारात लावा.

न बोलणाऱ्या मुलाचा आरतीतला वाटा म्हणजे ‘मोरया’. आवाज साठवून ठेवणारं बटण मिळतं, नाहीतर फोनवर मुद्रित करून ठेवा. शक्यतो त्याच वयाच्या भावंडाचा आवाज घ्या. घरातलं कुणी ‘गणपती बाप्पा’ म्हणालं की सगळ्यांनी थांबायचं आणि मुलाने बटण दाबलं की मग सर्वांनी गजर करायचा. थांबणं दहा सेकंदांचं असलं तरी थांबा. घाईत बाकीच्यांनीच ‘मोरया’ म्हणून टाकलं की त्याचं काम हिरावलं गेलं.

कर्णबधिर मुलाला आरती म्हणणाऱ्यांचे चेहरे दिसले पाहिजेत. मखराची माळ माणसांच्या पाठीमागे आली तर चेहरे काळे पडतात आणि ओठ वाचता येत नाहीत, म्हणून खोलीतला दिवा चालू ठेवा. आरतीच्या पुस्तकात कुणीतरी ओळीवर बोट फिरवावं. ढोलकी असेल तर मुलाचा तळहात लाकडी खोडावर ठेवा, ठेका हाताला कळतो. श्रवणयंत्र काढून ठेवण्यापेक्षा त्याचा आवाज कमी करणं बरं, काढलं की मूल सगळ्यातूनच तुटतं. घरच्यांनी पाच-सात खुणा शिकाव्यात: गणपती, फूल, नमस्कार, प्रसाद, थांब, झालं. भारतीय सांकेतिक भाषेचा शब्दकोश भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने चित्रफितींसह उपलब्ध केला आहे. घरची खूण वेगळी असेल तर तीही चालते, फक्त सगळ्यांची एकच असावी.

दृष्टिहीन मुलाला मूर्ती हाताने पाहू द्या, आणि प्रतिष्ठापनेआधीच्या संध्याकाळी, घाई नसताना. शाडूची सोंड आणि बोटं नाजूक असतात, म्हणून त्याच्यासोबत अर्धा किलो शाडूची छोटी मूर्ती घरीच करावी: पोट, डोकं, सुपासारखे कान, सोंड, हातातला मोदक, पायाशी उंदीर. मग मोठी मूर्ती हलक्या हाताने दाखवली की कोणता भाग कुठे ते चटकन जुळतं. पूजेच्या वाट्या रोज एकाच क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडा: गंध, अक्षता, फुलं, दूर्वा, पाणी. डावा हात चौरंगाच्या कडेवर मूर्तीच्या पायाशी ठेवायचा, तो जागेची खूण सांगतो. उजव्या हाताने त्याच्या समोर फूल सोडायचं. ब्रेल येत असेल तर आरत्या ब्रेलमध्ये उतरवून द्या आणि आरती त्यालाच सांगू द्या. दिवे मंद असले की बाकीचे पुस्तकात डोकं घालून अडखळतात, त्याचं वाचन अडत नाही.

मोदक, तीर्थ, प्रसाद

स्वयंपाकात मुलाला घ्यायचं तर मोदक उत्तम. एक वाटी तांदळाच्या पिठीला एक वाटी पाणी, चमचाभर तूप, चिमूटभर मीठ. सारणाला दोन वाट्या ओल्या खोबऱ्याला एक वाटी गूळ. वाटीने मोजून ओतणं हे काम बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला सरावाने छान जमतं, वाटीवर रंगीत पट्टीची खूण करा. उकड मळायला देण्याआधी ती हाताला सोसेल इतकी निवू द्या. कळ्या पाडायचा हट्ट नको, साचा द्या. साचा दोन्ही तळव्यांत दाबला की मोदक होतो.

पण मोदक करणारं मूल तो खाऊ शकेलच असं नाही. चावायला-गिळायला त्रास असलेल्या मुलासाठी मोदक धोक्याचा आहे: उकड चिकट, आणि खोबऱ्याचा कीस तोंडात सुटा होऊन घशाकडे घरंगळतो. खिरापत, फुटाणे, शेंगदाणे, खोबऱ्याचे तुकडे तर नकोतच. चव तीच ठेवून पदार्थ बदला. एक वाटी नारळाच्या दुधात एक मोठा चमचा तांदळाची पिठी गार असतानाच कालवा, मंद आचेवर सतत ढवळत पाच-सहा मिनिटं शिजवा. चमचा तिरका केल्यावर वाहून न जाता गोळ्याने पडलं की उतरवा. थोडं निवल्यावर दोन चमचे चिरलेला गूळ आणि वेलचीपूड घालून एकजीव करा. गरमगरम असताना गूळ घातला तर दूध फाटून दाणे पडू शकतात आणि तेच दाणे घशात अडकतात. हाच पदार्थ एका वाटीत नैवेद्यालाही दाखवा, म्हणजे मुलाचा प्रसाद वेगळा पडत नाही. कितपत दाट हवं हे त्याच्या स्पीच थेरपिस्टना (बोलण्या-गिळण्याच्या अडचणींवर काम करणाऱ्या तज्ज्ञांना) विचारून ठरवा.

तीर्थाचीही काळजी घ्या. गिळण्याचा त्रास असलेल्या मुलाला घट्ट पदार्थापेक्षा पातळ पाणी जास्त ठसका लावतं, ते श्वासनलिकेत उतरू शकतं. तीर्थ ओठांना किंवा डोळ्यांना लावून डोक्यावर फिरवा. ती रीत आपल्याकडे आहेच.

फिटसाठी किटोजेनिक आहारावर (भरपूर स्निग्ध, साखर-पिष्ट अगदी कमी असा मोजून दिलेला आहार) असलेल्या मुलाला पेढ्याचा तुकडाही नको, साखर थोडी गेली तरी आहाराचा परिणाम बिघडतो. त्याच्या दिवसाच्या मोजलेल्या आहारातलाच एक घास आधी देवापुढे ठेवा. फिटच्या औषधांवर असलेल्या मुलाला उपवास करवू नका, जागरणाला बसवू नका. झोप मोडणं आणि औषधाची वेळ चुकणं ही फिट येण्याची नेहमीची कारणं आहेत, आणि गणपतीत दोन्ही एकदम घडतात. फोनवर गजर लावा, औषध पूजेसाठी पुढे ढकलू नका. गर्दीत फिट आलीच तर मुलाला कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात काही घालू नका. चमचा नको, पाणी नको, तीर्थही नको. कांदा किंवा चप्पल हुंगवायला धावणाऱ्यांना बाजूला करा. पाच मिनिटांत थांबली नाही तर डॉक्टरांनी दिलेलं तातडीचं औषध द्या आणि दवाखान्यात न्या.

पाहुणे

दर्शनाच्या वेळा वाटून द्या. जवळची माणसं सकाळी, बाकीची संध्याकाळी सहा ते आठ, म्हणजे मुलाला दुपारची शांतता मिळते. एक खोली पाहुण्यांना बंद ठेवा. कपाळाला गंध लावून न घेणारी मुलं बरीच असतात. हलका, ओझरता स्पर्श त्यांना जास्त बोचतो. अंगठ्याने ठाम दाबून लावा, किंवा आरशासमोर त्याला स्वतःच लावू द्या. गालगुच्चे आणि पापे यांना घरच्यांनीच नाही म्हणायचं, मुलावर ती वेळ आणू नका.

‘मागच्या जन्मीचं’, ‘अमक्या देवाला नवस बोला’, ‘औषधं बंद करून अंगारा लावा’ हे कुणीतरी म्हणणारच. मूल बोलत नाही याचा अर्थ त्याला ऐकू येत नाही असा नाही. त्याच्यासमोर वाद घालू नका, एकच वाक्य ठरवून ठेवा: ‘आज पूजेचं फूल त्याच्या हातून वाहिलंय, तुम्ही प्रसाद घ्या.’ गौरीच्या हळदीकुंकवाला बौद्धिक अक्षमता असलेली मुलगी मोठी झाली की तिला वगळलं जातं. तिला कुंकू लावा, ओटीचे तांदूळ तिच्या हातात द्या आणि अत्तर लावायचं काम तिच्याकडे सोपवा.

विसर्जन

रोज दिसणारा गणपती अचानक नाहीसा होणं काही मुलांना फार लागतं. त्यामुळे सांगणं पहिल्याच दिवशी सुरू करा. जितके दिवस गणपती, तितके कागदी मोदक भिंतीवर लावा आणि रोज रात्री एक काढा. उत्तरपूजेत अक्षता वाहून मूर्ती जागेवरून किंचित हलवतात. हे काम मुलाचा हात आपल्या हातात घेऊन त्याच्याकडून करवा, म्हणजे निरोप त्याच्या हातून होतो.

विसर्जन घरी बादलीत करणं अशा मुलांसाठी मला सर्वात चांगलं वाटतं. सहा-आठ इंचांची शाडूची मूर्ती मोठ्या बादलीत किंवा पिंपात पूर्ण बुडेल इतकं पाणी हवं. मूर्ती हळूहळू विरघळताना मूल कितीही वेळा येऊन पाहू शकतं. बादलीजवळ मात्र एक मोठं माणूस कायम हवं. खाली बसलेली माती कुंडीत घाला आणि तिच्यात एखादं रोप मुलाच्या हाताने लावा. मूर्ती प्लास्टरची असेल तर ती अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात विरघळवतात. त्यातून अमोनिया सुटतो, तेव्हा ते पिंप गॅलरीत ठेवा आणि मुलाला लांब ठेवा.

हौदावर किंवा कृत्रिम तलावावर जायचंच असेल तर दुपारी ऊन उतरता उतरता जा, अंधारानंतर नको. रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला बंदी असली तरी सणाच्या काही दिवशी सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, त्यामुळे अनंत चतुर्दशीला तेवढा गोंगाट गृहीत धरा. पाण्याची ओढ असलेली स्वमग्न मुलं क्षणात हात सोडून पाण्याकडे धावतात. एका मोठ्या माणसाकडे त्या वेळी मुलाचा हात धरणं हे एकच काम द्या, मूर्ती नाही, फोटो नाही, वाहन नाही. मुलाच्या हातावर पेनाने फोन नंबर लिहा आणि त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा. पाण्यात भिजणार असेल तर श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांटचा (शस्त्रक्रियेने कानात बसवलेल्या ऐकण्याच्या यंत्राचा) बाहेरचा भाग आधी काढून डबीत ठेवा. त्यानंतर मुलाला ऐकू येणार नाही, म्हणून काय-काय होणार ते काढण्यापूर्वीच सांगा.

परत आल्यावर चौरंग लगेच उचलू नका. त्यावर मूर्तीचा फोटो ठेवा, मूल विचारायचं थांबलं की मग आवरा. आणि आठवण ताजी आहे तोवर एका कागदावर लिहा: कितव्या आरतीला उठलं, कोणता टप्पा एकट्याने जमला, काय खाल्लं, कशाने दचकलं. तो कागद, दूर्वांचा पुठ्ठा, दांडा गुंडाळलेली एकारती आणि इअर मफ मखराच्याच खोक्यात भरा. पुढच्या वर्षी सराव जिथे थांबला होता त्याच्या एक टप्पा आधीपासून सुरू करा.